राहत्या घरात काम काढायचंय? भरवशाचा कंत्राटदार निवडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिकाम्या घरात सुरेख काम करणारा कंत्राटदार राहत्या घरात तितकाच चांगला ठरेल, याची खात्री नसते. भिंत ओळंब्यात आहे का, फरशीला ढाळ बरोबर दिलाय का, हे दोन्हीकडे सारखंच पाहायचं असतं. पण त्याच घरात तुम्ही झोपता, स्वयंपाक करता, मुलं अभ्यासाला बसतात. अशा वेळी कारागिरीइतकंच वजन शिस्तीला येतं. कंत्राटदार निवडताना आणि पुढे काम चालू असताना मी दोन गोष्टींवर नजर ठेवायला सांगते: संध्याकाळी माणसं गेल्यावर घर राहण्याजोगं उरतं का, आणि दिलेले पैसे झालेल्या कामाच्या पुढे तर धावत नाहीत ना.

घर रिकामं न करता काम करून घेणं खरंच जमतं का?

बरंचसं जमतं. रंगकाम, एखाद्या खोलीची फरशी, खिडक्या बदलणं, सुतारकाम, दोनपैकी एक बाथरूम नव्याने करणं, हे सगळं घरात राहून होतं. स्वयंपाकघराचंही होतं, फक्त दुसरीकडे तात्पुरती सोय आधी लावावी लागते.

काही कामांना मात्र घर सोडलेलंच बरं. घरात एकच संडास-बाथरूम असेल आणि तेच फोडायचं असेल, तर तेवढे दिवस राहायची सोय दुसरीकडे करा. संपूर्ण घराची फरशी एकदम उखडायची असेल किंवा सगळं वायरिंग एकाच वेळी बदलायचं असेल तरी तसंच. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, दम्याचा रुग्ण किंवा अंथरुणावरचं माणूस असेल, तर निदान तोडफोडीच्या आणि घासकामाच्या दिवसांत त्यांना तिथे ठेवू नका. बाहेर राहण्याचा हा खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरा. ऐन वेळी पैसे कमी पडतात तेव्हा सर्वांत आधी हाच खर्च कापला जातो, आणि त्याचा त्रास घरातल्या सर्वांत नाजूक माणसाला होतो.

राहत्या घराचं काम महाग का पडतं? वेळही जास्त का लागतो?

रिकाम्या घरात कंत्राटदार सगळ्या खोल्यांत एकदम घुसतो. इलेक्ट्रिशियन पूर्ण घरात झिऱ्या, म्हणजे वायरींसाठी भिंतीत खाचा, मारून घेतो, गवंडी त्याच्या मागे प्लास्टर करत येतो, सामान कुठेही पसरलेलं चालतं. राहत्या घरात खोलीखोलीने जावं लागतं, त्यामुळे प्रत्येक कारागिराला पुन्हा पुन्हा बोलवावं लागतं. रोज सकाळी सामान मांडायचं, संध्याकाळी आवरायचं, राडारोडा खाली न्यायचा, यात कामाचे तास जातात.

म्हणून कंत्राटदार दर थोडा जास्त सांगत असेल आणि त्यामागचं हे कारण त्याला नीट मांडता येत असेल, तर मला तो माणूस आवडतो. घर रिकामं असो वा भरलेलं, मुदत तेवढीच आणि दरही तोच, असं जो सांगतो त्याने तुमच्या घराचा विचारच केलेला नसतो.

चांगला कंत्राटदार शोधायचा कसा?

ओळखीतून नावं मिळतात, पण फक्त "काम चांगलं करतो" एवढ्यावर थांबू नका. ज्यांनी राहत्या घरात काम करून घेतलंय अशा दोन-तीन कुटुंबांशी बोला. त्यांना नेमकं विचारा: शेवटचं किरकोळ काम किती रेंगाळलं? कंत्राटदार स्वतः किती वेळा यायचा? ठरलेल्या रकमेपेक्षा शेवटी किती जास्त गेले, आणि का? काम संपल्यावर काही बिघडलं तेव्हा फोन उचलला का? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर द्यायला समोरचा घुटमळला, तरी तुम्हाला उत्तर मिळालंच.

शक्य झालं तर दोन घरं पाहा. एक, काम होऊन निदान वर्ष झालेलं. नव्या कामावर सगळं झळकतं; ओल, प्लास्टरच्या भेगा, फुगलेले प्लायचे कोपरे, पोकळ झालेल्या लाद्या हे वर्षभराने दिसू लागतं. दुसरं, सध्या चालू असलेलं. तिथे कंत्राटदाराला न सांगता जाता आलं तर उत्तम, पण घरमालकाला विचारून. सिमेंटच्या गोण्या थेट जमिनीवर आहेत की फळीवर? जुनी फरशी राहणार असेल तर ती झाकली आहे का? वायरी उघड्या लोंबकळताहेत का? नळाच्या वा मोरीच्या तोंडाला बोळा लावलाय, की त्यात सिमेंटचा मसाला जातोय? ही दहा मिनिटं कोणत्याही छापील माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगतात.

पहिल्या भेटीत काय विचारावं?

रोज घरी देखरेखीला कोण असेल? हा माझ्या मते पहिला प्रश्न. बोलणी एक माणूस करतो आणि काम दुसराच पाहतो, असं सर्रास होतं. त्या मुकादमाला काम सुरू होण्याआधी भेटा. एका वेळी किती कामं हातात आहेत, माणसं स्वतःची आहेत की पोटठेक्यावर, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनकडे परवाना आहे का, हेही विचारा.

आणि तो तुम्हाला काय विचारतो याकडे लक्ष द्या. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे, घरात कोण कोण राहतं, मुलांच्या परीक्षा कधी आहेत, दुपारी कुणी झोपतं का, हे ज्याने आपणहून विचारलं त्याने राहत्या घरात काम केलेलं आहे.

तीन कोटेशनं आली, आकडे एकमेकांच्या जवळपासही नाहीत. तुलना कशी करायची?

बहुतेक वेळा तिघांनी तीन वेगवेगळ्या कामांचा हिशेब दिलेला असतो. म्हणून आधी तुमची स्वतःची कामाची यादी करा, खोलीनिहाय, आणि तीच तिघांना द्या. दर प्रत्येक बाबीचा वेगळा मागा. "बाथरूम पूर्ण, इतके रुपये" असं ठोक लिहिलेलं असेल तर त्यात काय नाही हे तुम्हाला वाद झाल्यावरच कळेल.

खरा फरक सहसा काही ठरावीक ठिकाणी दडलेला असतो. जुनं तोडणं आणि राडारोडा वाहून नेणं धरलंय का? माल वरच्या मजल्यावर चढवायची मजुरी कुणाची? रंगाच्या मोजमापात दारं-खिडक्यांची जागा वजा केली आहे का? पुट्टीचे हात किती, रंगाचे किती? वॉटरप्रूफिंग कोणत्या पद्धतीने आणि भिंतीवर किती उंचीपर्यंत? प्लाय, वायर, पाइप यांची प्रत आणि कंपनी लिहिली आहे, की नुसतंच "चांगल्या दर्जाचं"? लादीची तूट साध्या मांडणीला पाच ते दहा टक्के धरतात, तिरप्या मांडणीला त्याहून जास्त. ती कुणाच्या अंगावर?

हे सगळं एका पातळीवर आणल्यावरही एखादा बाकीच्यांपेक्षा फारच स्वस्त राहिला, तर त्याला विचारा की कुठे वाचवणार आहेस. समाधानकारक उत्तर नसेल तर त्याचा नाद सोडा. कमी दरात अडकलेला कंत्राटदार अर्ध्यावर "वाढीव काम" काढतो किंवा माणसं दुसऱ्या साइटवर हलवतो, आणि तुम्ही उखडलेल्या घरात बसून राहता.

माल आपण आणावा की त्याने?

दिसणाऱ्या वस्तू, म्हणजे लाद्या, नळ, बेसिन, दिवे, हँडल, तुम्ही निवडा आणि विकत घ्या. सिमेंट, वाळू, पाइप, वायरसारखा आत जाणारा माल कंत्राटदाराकडे राहू द्या, पण कंपनी आणि प्रत लिहून घ्या आणि माल आला की पॅकिंग उघडण्याआधी बघा. दोन्ही तुम्हीच आणलंत तर उद्या ओल आली की तो मालाकडे बोट दाखवणार.

लाद्या एकाच बॅचच्या घ्या; एकाच नावाच्या दोन बॅचमध्ये रंगछटा वेगळी निघते. एखादी पेटी जास्तीची जपून ठेवा.

करारात नेमकं काय असावं?

वकिली भाषेची गरज नाही. दोन-तीन पानांवर साध्या शब्दांत लिहा आणि दोघांनी सह्या करा. कामाची यादी, दर, मोजमापाची पद्धत, मालाच्या प्रती, सुरुवात, प्रत्येक खोलीची मुदत आणि पैशांचे टप्पे हे तर आलंच. राहत्या घरासाठी याशिवायच्या ज्या गोष्टी लोक तोंडी ठेवतात, त्याच पुढे भांडणाच्या होतात.

कामाचे तास किती ते किती, आणि ठोकाठोकी किती वाजता थांबणार ते लिहा. रोज संध्याकाळी साफसफाई कुणी करायची आणि राडारोडा किती दिवसांत हलवायचा, ते लिहा. पाणी किंवा वीज बंद करायची असेल तर आदल्या दिवशी कळवायचं आणि रात्री ती सुरू करूनच जायचं. एका वेळी किती खोल्या उघड्या ठेवायच्या, याची मर्यादा घाला. माझा आग्रह असतो की आधीची खोली वापरण्याजोगी झाल्याशिवाय पुढची फोडायची नाही. तुमच्या फर्निचरचं, जुन्या फरशीचं किंवा खालच्या मजल्यावरच्या छताचं नुकसान झालं तर भरपाई कुणी द्यायची? मजुराला इजा झाली तर जबाबदारी कुणाची, विमा आहे का? काम झाल्यावर किती काळ दोष विनामूल्य दुरुस्त करून मिळतील? वर्षभर मागणं वाजवी आहे, वॉटरप्रूफिंगसाठी जास्त मागा.

हे वाचून दाखवल्यावर "विश्वास नाही का?" असं जो विचारतो, त्याला शांतपणे सांगा की कागद दोघांच्याही रक्षणासाठी आहे. खरोखर भरवशाच्या माणसाला लेखी करार हवाच असतो, कारण तुमच्या बदलत्या मागण्यांपासून तोच त्याला वाचवतो.

आगाऊ किती द्यावे? पुढचे पैसे कसे?

सुरुवातीला एकूण रकमेच्या साधारण दहा टक्के, फार तर पंधरा. पुढचे हप्ते तारखेला बांधू नका, पूर्ण झालेल्या कामाला बांधा: तोडकाम होऊन राडारोडा गेला, पाइप आणि वायरिंगची चाचणी झाली, वॉटरप्रूफिंग तपासलं, लादी बसली, असं. शेवटचे पाच ते दहा टक्के उरलंसुरलं काम पूर्ण होऊन काही आठवडे जाईपर्यंत हातात ठेवा आणि हे करारातच घाला, म्हणजे शेवटी कटुता येत नाही.

मधेच "माल आणायचाय, पन्नास टक्के द्या" असं म्हणाला तर दुकानदाराला थेट पैसे द्या आणि बिल तुमच्या नावाने घ्या. कामगारांची मजुरी अडली आहे म्हणून उचल मागत असेल, तर ती त्याच्याकडच्या पैशांच्या ओढाताणीची खूण आहे. झालेल्या कामापुरतं द्या, न झालेल्या कामाचं नको. प्रत्येक रकमेची पावती किंवा बँकेतली नोंद हवी.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. टप्पा पूर्ण झाला की पैसे त्याच दिवशी द्या. वेळेवर पैसे देणाऱ्या घरी चांगली माणसं पाठवली जातात.

धुळीचं काय करायचं?

या प्रश्नाला लोक फार हलक्यात घेतात. लादी, दगड, काँक्रीट कोरडं कापताना आणि भिंतीत झिऱ्या मारताना जी बारीक धूळ उडते तिच्यात सिलिका असते. तिचे सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत, ते तासन्‌तास हवेत तरंगतात आणि फुप्फुसात खोलवर जातात. कापणाऱ्या कामगाराला धोका सर्वांत जास्त, म्हणून त्याच्याकडे एन ९५ दर्जाचा मास्क आहे का ते पाहा. नाकाला बांधलेला रुमाल पुरत नाही.

शक्य तितकं कटिंग घराबाहेर, गच्चीवर किंवा बाल्कनीत, पात्यावर पाणी सोडत करायला लावा. झिऱ्या मारायला व्हॅक्युम जोडलेलं मशीन मिळतं, त्याचा आग्रह धरा. कामाच्या खोलीच्या दाराला जाड प्लास्टिक वरपासून जमिनीपर्यंत टेपने चिकटवा, दाराखालची फट ओल्या फडक्याने बुजवा आणि खोलीची बाहेरची खिडकी उघडी ठेवा, म्हणजे हवा घरात न येता बाहेर जाईल. त्या काळात एसी बंद ठेवा, नाहीतर तो धूळ खेचून घेतो. संध्याकाळी कोरडा झाडू मारू देऊ नका. पाणी शिंपडून झाडा, मग ओल्या फडक्याने पुसा.

दोन बाबतींत विशेष जपा. घर जुनं असेल तर रंगाच्या खालच्या थरांत शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ मुलांच्या हातातोंडाशी जाते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसं अपाय करतं. आधी तपासणी करून घ्या. तसेच जुने सिमेंटचे पत्रे आणि पाइप अ‍ॅसबेस्टॉसचे असू शकतात. ते फोडू, कापू किंवा त्यांना भोकं पाडू देऊ नका. अशा कामाची माहिती असलेला माणूस बोलवा.

कामाचा क्रम कसा असावा?

तोडकाम, मग भिंतीतलं प्लंबिंग आणि वायरिंग, प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, लादी, सुतारकाम, रंग आणि शेवटी नळ-दिवे बसवणं, असा कोणत्याही खोलीचा साधारण क्रम. खोल्यांचा क्रम मात्र तुमच्या राहण्यावरून ठरतो. आधी कोणती एक खोली पूर्णपणे सुरक्षित आणि स्वच्छ राहणार ते ठरवा. तिथे रोजचं सामान, औषधं, कागदपत्रं हलवा. त्या खोलीला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. मग सर्वांत घाण करणारी कामं घ्या. दोन बाथरूम असतील तर पहिलं वापरात आल्याशिवाय दुसऱ्याला हात नको.

कंत्राटदार म्हणेल, "गवंडी आलाच आहे तर दोन्ही बाथरूम फोडून घेऊ, स्वस्तात होईल." त्याचं गणित चुकीचं नसतं, पण रात्री दोन वाजता कुठे जायचं हा प्रश्न तुमचा असतो. इथे नमतं घेऊ नका.

भिंत पाडायची आहे. कंत्राटदार म्हणतो, चालतं.

त्याच्या शब्दावर पाडू नका. स्ट्रक्चरल इंजिनीअरचं लेखी मत घ्या. स्तंभ आणि तुळईला कुणीही हात लावू नये, पाइपसाठी भोकसुद्धा नको. विटांच्या भार पेलणाऱ्या भिंतीत लांबलचक आडवी झिरी मारणंही धोक्याचं असतं.

झाकलं जाणारं काम बरोबर झालंय हे कसं कळणार?

झाकण्याआधी पाहिलं तरच कळतं. म्हणून करारातच लिहा: पुढील गोष्टी तुम्ही पाहिल्याशिवाय त्यावर प्लास्टर किंवा लादी चढवायची नाही.

पाइप बसले की पंपाने दाब देऊन काही तास ठेवतात. दाबमापकाचा काटा उतरला तर कुठेतरी गळती आहे. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की मोरीचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचं, निदान २४ तास, शक्यतो ४८. पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि खालच्या मजल्यावरच्यांना छत बघायला सांगा. कंत्राटदाराला घाई असली तरी ही चाचणी सोडू नका; लादीखालची गळती पुन्हा दुरुस्त करायची म्हणजे सगळं पुन्हा उखडणं आलं. लादी बसल्यावर बादलीभर पाणी ओता आणि ते मोरीच्या जाळीकडे वाहतंय का, कुठे साचतंय का ते पाहा.

सिमेंटच्या प्लास्टरवर किमान सात दिवस पाणी मारावं लागतं. राहत्या घरात ओल नको म्हणून हे टाळलं जातं आणि मग केसांसारख्या भेगा पडतात. वीट आणि काँक्रीट जिथे मिळतात तिथे प्लास्टरखाली जाळी लावली आहे का ते बघा. लाद्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाकडी दांड्याने हलकेच ठोका. पोकळ आवाज आला तर ती लादी काढून पुन्हा बसवायची.

विजेच्या कामात अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवा. त्याचं टेस्टचं बटण दाबल्यावर वीज लगेच गेली पाहिजे. प्रत्येक भिंतीचे, मोजायची टेप लावून, पाइप-वायरी दिसतील असे फोटो काढा. पुढे खिळा ठोकताना त्यांचे उपकार कळतात.

दिवसभर अनोळखी माणसं घरात. सुरक्षिततेचं काय?

येणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर मुकादमाकडून घ्या, नवा माणूस सांगून आणायला सांगा. दागिने आणि महत्त्वाची कागदपत्रं घराबाहेर सुरक्षित ठेवा किंवा बंद खोलीत. यात संशय घेण्यासारखं काही नाही. उद्या काही हरवलं तर निर्दोष माणसावर आळ येऊ नये, हाही त्यातला भाग आहे. त्यांना पिण्याचं पाणी, संडास आणि दुपारी टेकायला जागा कुठे हे पहिल्याच दिवशी दाखवा. मुलं आणि पाळीव प्राणी कामाच्या खोलीपासून लांब हवेत. चालू मशीनची वायर आणि उघडे खिळे यांच्याशी खेळ नको.

सूचना कारागिरांना थेट देऊ नका. घरातल्या एकाने मुकादमाशी बोलायचं, बाकीच्यांनी त्या एकाला सांगायचं.

मधेच काही बदलावंसं वाटलं तर?

बदला, पण काम होण्याआधी. किती जास्तीचे पैसे आणि किती जास्तीचे दिवस, हे मोबाइलवर संदेशात लिहून दोघांनी मान्य करा. तोंडी बदलांची बेरीज शेवटी कुणालाच आठवत नाही. एकूण रकमेच्या दहा ते वीस टक्के रक्कम अशा गोष्टींसाठी बाजूला असू द्या; जुनी लादी उचलल्यावर खाली काय निघेल हे आधी सांगता येत नाही.

काम रेंगाळलं, माणसं येईनाशी झाली. काय करावं?

पहिल्या दोन-तीन रिकाम्या दिवसांतच विचारा, महिनाभर थांबू नका. कारण मालाचं आहे, माणसांचं की पैशांचं? तुम्ही लादीचा रंग ठरवला नाही म्हणून काम अडलंय का, हेही प्रामाणिकपणे तपासा. आठवड्यातून एकदा कंत्राटदाराबरोबर बसून पुढच्या सात दिवसांचं काम लिहून काढलं तर निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. पैसे वाढवून वेग येत नाही.

तरीही हललं नाही तर लेखी मुदत द्या. तीही उलटली तर थांबवा: दोघांच्या समोर झालेल्या कामाचं मोजमाप घ्या, फोटो काढा, हिशेब करा, "देणं-घेणं पूर्ण" असा कागद करा. नवा कंत्राटदार आणण्याआधी हे झालंच पाहिजे, नाहीतर जुनं काम कुणाचं यावर दोघांकडून ऐकावं लागेल.

शेजाऱ्यांना काय सांगावं?

सुरू होण्याची तारीख, ठोकाठोकीचे दिवस आणि तुमचा नंबर. इमारतीची परवानगी लागत असेल तर ती आधी घ्या.

काम संपलं असं कधी म्हणायचं?

कंत्राटदाराने म्हटल्यावर लगेच नाही. दिवसाच्या उजेडात खोलीखोलीने फिरा आणि यादी करा. भिंतीला लागून बॅटरीचा तिरपा प्रकाश टाकला की पुट्टीचे उंचवटे दिसतात. सगळे नळ एकदम सोडा, प्रत्येक प्लग पॉइंट तपासा, प्रत्येक ड्रॉवर आणि दार उघडून-मिटून पाहा. यादी दोघांनी मान्य करून तारीख घाला.

राखून ठेवलेली रक्कम देण्याआधी वॉरंटीची कार्डं, मालाची बिलं, रंगांचे कोड आणि उरलेल्या लाद्या ताब्यात घ्या. घराची किल्ली कामाच्या काळात कुणाकडे दिली असेल तर ती परत घ्या आणि मुख्य दाराचं कुलूप बदला.